सळयांच्या मधलं मीठ

दुपारचं जेवण अंगावर आलंय. खाडीपुलाखालच्या साइट-ऑफिसात सुनेत्रा खुर्चीतच पेंगते. कामाची पक्की, पण झोपेची कच्ची! पुलाच्या काँक्रीटमध्ये शिरून आतल्या सळया गंजवणारं मीठ विजेनं बाहेर ओढायचं काम तिच्याकडे. उरलेल्या मिठाचे आकडे दृष्ट लागण्यासारखे आलेत. संध्याकाळी तिनं ‘झालं’ म्हटलं, की वीज बंद आणि पुलावरून एसटी सुरू. तरी जिवाला घोर लागलाय.

डोळा लागतो न लागतो तोच शेजारची खुर्ची सरकते. टिपणीस सर! हे काम तिला शिकवलं ते यांनीच. गेल्या वर्षी वारले, पण शर्टाची इस्त्री अजून कडक.

“सर, तुम्ही तर...”

“गेलो, ठाऊक आहे मला. चहा सांग.”

ती उठते तर ऑफिस कुठलं, कॉलेजची प्रयोगशाळा आहे. बेसिनमध्ये भरती चढतेय आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. सर तिचं मनगट धरून तिला पुलाच्या खांबापाशी नेतात.

“तपासायला भोकं कुठं पाडलीस?”

“खडूच्या रेघांवर.”

“रेघा कशाच्या?”

“आतल्या सळयांच्या...” बोलता बोलताच तिच्या ध्यानात येतं. खांबावर बाहेरून बसवलेल्या जाळीतून वीज धावते ती सळईकडे, म्हणून सळईवरचं मीठ आधी निघतं. दोन सळयांच्या मधलं ठाण मांडून बसतं, आणि वीज थांबली की हळूच सळईकडे सरकतं.

“झाडू फिरवला तिथंच कचरा शोधलास होय गं?”

तिला भडभडून येतं. रागवायला कुणी आहे, याचंच केवढं सुख! खांबाच्या जागी आता सरांच्या घरचा ओटा, आणि सर स्वतःच चहा गाळतायत.

“सर, तुमच्यामुळे मी मार्गाला लागले. सांगायचं राहूनच गेलं.”

“सांगितलंस ना आता? पी, निवतोय.”

“मॅडम!” ती दचकून जागी होते. ऑफिसच्या दारात सुपरवायझर महाडिक. “साहेब लोक आलेत. वीज बंद करू?”

“नको! आधी दोन रेघांच्या मधे भोक पाडा.”

“आकडे बिघडतील हो.”

“बिघडू देत. पूल टिकू दे.”

डोळे पुसायला ती हात उचलते. मनगटावर अंगठ्याएवढा काळा डाग आहे. मीठ तपासायचं चांदीचं औषध अंगाला लागलं की असा डाग पडतो, आठवडाभर हटत नाही. पण आज तर ती बाटली कपाटातून कुणी काढलेलीच नाही.

सुनेत्रा नळाकडे जात नाही. बाही वर दुमडून पुलाकडे निघते.