अण्णांचा रोटेटर

रोज सकाळी सातला आम्ही बेंगळुरूचे हौशी रेडिओवाले हवेवर हजेरी देतो. गेल्या महिन्यात एका सकाळी गोपाळअण्णांना दोनदा पुकारलं, उत्तर आलं नाही. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "अण्णा गेले... झोपेतच." वाईट वाटलंच. पण त्याआधी क्षणभर मनात येऊन गेलं, आता माझा आवाज आधी ऐकला जाईल. हे लपवून त्यांच्याविषयी लिहिणं मला जमणार नाही.

मी पुण्याहून आलेला, बेळ्ळंदूरला आयटीत. अण्णा राजाजीनगरचे, कैक पिढ्या इथंच मुरलेल्या मराठी घरातले. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेलं. माझा सेट महागडा, त्यांचा घरीच जुळवलेला. तरी ब्राझीलचा माणूस आधी त्यांनाच उत्तर द्यायचा. वर ते त्याला सांगायचे, "माझा मित्र सतीशही थांबलाय, त्याचंही ऐका." त्या शिफारशीनं मी अधिकच जळायचो.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर उंच टॉवर उभारला. अँटेना हवी तिकडे वळवणारी मोटर, म्हणजे रोटेटर, कुठला घ्यावा हे त्यांनी मला विचारलं. "हा छोटा पुरेल का रे?" वाऱ्याच्या जोराचं गणित मी करून बसलो होतो. पुरणार नव्हता. मी म्हणालो, "पुरेल की."

"सरी," ते कानडीत 'बरं' म्हणाले.

पहिल्याच वादळात गिअरचे दाते गेले. "आपल्या दोघांचा अंदाज चुकला," एवढंच बोलून त्यांनी मोठा रोटेटर आणला. पुढं मी बोम्मसंद्र्यापलीकडे घर बांधून टॉवर उभारला, तेव्हा अण्णा दोन बस बदलून आले. टॉवर ताणून धरणाऱ्या माझ्या बारीक तारा त्यांनी सोडायला लावल्या, जाड आणवल्या, आणि एकेकीचा ताण हातानं चाचपत दिवसभर उन्हात फिरले... मी तेव्हाही खरं बोललो नाही.

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीला, अक्कांना, भेटायला गेलो. न राहवून सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं त्यांना," अक्का म्हणाल्या. "मोडल्यावर कागदावर मांडून बघितलं त्यांनी. सतीशचं गणित एवढं चुकायचं नाही, म्हणाले."

"मग मला बोलले का नाहीत?"

"बोललो तर तो यायचा बंद होईल, म्हणाले."

अक्का उठून रेडिओच्या खोलीत गेल्या, मीही मागोमाग गेलो. त्यांनी रोटेटरचा खटका दाबला. टेबलावरच्या डबीतला दिशा दाखवणारा काटा सावकाश सरकू लागला, वर गच्चीवर अँटेना वळत असल्याची घरघर ऐकू आली.

"रोज एकदा फिरवते," त्या म्हणाल्या. "बसून राहिलं की जाम होतं म्हणायचे."

काटा पुरा फिरेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. आणि इतकं ऐकल्यावरही मला अण्णांचा हेवाच वाटला.