नाय म्हाराजा

पान एकशे बेचाळीस मी खाल्लं आहे. देवळाच्या अंगणात चौघांनी मला पाडलं. एकाने छातीवर गुडघा रोवला. तात्यांच्या धाकट्या भावाने माझ्याच कादंबरीतलं पान फाडलं, त्याचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. ‘गीळ रे. तुझो इतिहास तूच गीळ.’ दात हलला होता. कागद रक्तात भिजला. मी गिळला. पन्नाशी उलटलेला माणूस मी, केस पांढरे झालेला.

तात्या आमच्या गावचे मानकरी. देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. ते एकेक मागणं मोठ्याने म्हणणार आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. वरची वाडी सभामंडपात. आम्ही खालच्या वाडीचे पायरीखाली, उन्हात.

मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितो. पहिल्या तिन्हींत मी वरच्या वाडीचे पूर्वज घोड्यावर बसवले. आमच्या कातळावर घोडा पळणार किती? पण मी पळवला. प्रत्येक पुस्तकाला तात्यांनी मला शाल घातली. मला पायरीखाली उभं करून, वरून वाकून. तिन्ही फोटोंत मी हसतोय. त्या हसण्याची मला आज किळस येते.

चौथ्या कादंबरीत मी बाबांनी सांगितलेली गोष्ट लिहिली. खाडीच्या तोंडावर किल्ल्याचा बुरूज बांधत होते. दोनदा ढासळला. मग वरच्या वाडीतल्या एकाने खालच्या वाडीचा एक माणूस धरून दिला. तो जिवंत बुरुजाच्या पायात गाडला, वर चिरे रचले. बुरूज उभा राहिला. धरून देणाऱ्याला बक्षीस मिळालं, गाऱ्हाण्याचा मान.

एवढं लिहिलं, पण नावं घातली नाहीत. ज्याने दिला तो ‘एक इसम’, जो गेला तोही ‘एक इसम’. घाबरलो होतो. म्हटलं, नावच नाही तर कोणाच्या शेपटीवर पाय पडणार?

त्यांनी स्वतःच ओळखलं. चोराच्या मनात चांदणं.

पान गिळून झाल्यावर मला काखेत धरून उठवलं आणि पायरीखाली उभं केलं. तात्या वरून म्हणाले, ‘गाऱ्हाणा घालतंय. तू पण व्हय म्हण. मगे सुटलस.’

त्यांनी देवासमोर नारळ धरला.

‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान गावाचो मान बाटवल्यान म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘तेणा लिवला ता सगळा खोटा म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

या वेळी माझ्या पाठीमागून एक ओळखीचा आवाज आला. बाबांचा. ऐंशी वर्षांचा, खोकल्याने फाटलेला. ज्याने ती गोष्ट मला सांगितली तोच आवाज तिला खोटी म्हणत होता.

‘खोटा लिवलंय म्हणान तो आज तुझे पाय धरता म्हाराजा.’

हा व्हय मी म्हणायचा होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

‘नाय म्हाराजा,’ मी म्हटलं.

त्या देवळात हा शब्द कधी कोणी उच्चारला नसावा. तात्यांना तो कळायलाच वेळ लागला. मग त्यांच्या हातातला नारळ माझ्या कानाखाली बसला. नारळ फुटला नाही, जबडा फुटला. मी पडलो, मग लाथा. बरगड्या. पाठ. तोंड. मी मातीत तोंड खुपसून तोच शब्द म्हणत राहिलो. तो बाहेर कोणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही.

दवाखान्यात जबडा तारांनी बांधला. बाबा खाटेच्या पायाशी बसले होते. मी कागदावर लिहिलं, ‘का?’

‘मी व्हय म्हटलंय म्हणान तू जितो आसस,’ बाबा म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मारणाऱ्यांचाही आला नव्हता इतका मला बापाचा राग आला. मग राग स्वतःवर उलटला. ते जीव वाचवण्यासाठी एकदा व्हय म्हणाले. मी शालीसाठी तीन पुस्तकं व्हय म्हणत होतो.

बाबा खोकले. मग हळू म्हणाले, ‘पायात घातल्यानी तेचा नाव सोमा. आमच्याच घरातलो. दिल्यान तेचा नाव तुका म्हायत आसा.’

सोमाचं नाव त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मोठा इतिहासकार मी.

प्रकाशकाचा फोन आला. बाबांनी तो माझ्या कानाला लावला. ‘दुसऱ्या आवृत्तीत ते पान वगळू या. तुमच्याच सुरक्षेसाठी म्हणतोय.’

मला बोलता येत नव्हतं. मी फोन कट केला आणि मेसेज टाईप केला.

पान राहील. ‘एक इसम’ दोन्ही ठिकाणी काढा. जो पुरला तो सोमा, आमच्या आडनावाने छापा. ज्याने धरून दिला त्याचं नाव खाली पाठवतो. तेही आडनावासकट.

आणि पाठवलं.