नेट कुठपर्यंत गेलं?

बबिता,

पत्राला तू उत्तर देणार नाहीस, फोन करशील, आणि फोनवर मला बोलू देणार नाहीस. म्हणून लिहिते. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी माझ्याकडे तुझ्यावर एक पान मागितलं आहे. गुणगान मला जमत नाही. झालं ते सांगते, पोरं वाचतील.

तू पालमची. तुझे वडील धम्मानंद सायकली दुरुस्त करायचे. रोज एसटीनं परभणीला येऊन तू डिप्लोमा केलास आणि आमच्या कॉलेजात नेटवर्क सांभाळायला लागलीस, तेही अकरा महिन्यांच्या हंगामी ऑर्डरवर. अशा चार ऑर्डरी झाल्या. मी तेव्हा निवृत्त होऊन कार्यकारिणीवर आले होते. पदार्थविज्ञान तीस वर्षं शिकवलं, पण नेटवर्क म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. म्हणून एकदा बैठकीच्या खोलीतलं नेट बंद पडलं तेव्हा ओरडले, "अगं, नेट गेलंय!"

"कुठपर्यंत गेलंय, बाई?"

"कुठपर्यंत काय? गेलं म्हणजे गेलं."

"तसं नसतंय. टेबलापासून भिंतीपर्यंत हाय का, भिंतीपासून पेटीपर्यंत हाय का, ते बगावं लागतंय. बाबा ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठं येतो ते बगायचे. सगळी ट्यूब थोडीच फाटती?"

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू?

मग तू तुझ्या खोलीतला कॉलेजच्या नेटवर्कचा नकाशा दाखवलास, कार्डशीटवर स्केचपेननं काढलेला. टेबलांच्या वायरी ज्या पेटीत, म्हणजे स्विचमध्ये, जातात ती गल्ली. एका इमारतीतल्या सगळ्या गल्ल्या मिळतात तो चौक. तिन्ही इमारतींचे चौक जोडून बाहेरच्या जगाला निघतो तो मोठा रस्ता. यांची भारदस्त इंग्रजी नावं तुला पाठ होती. पण झाडायला येणाऱ्या गीताबाईंनाही कुठल्या पेटीला हात लावू नये ते कळावं, म्हणून तू मराठीत लिहिलंस. खाली लाल पेननं तुझा नियम: तपासायचं ते खालून वर. आधी वीज, मग वायर, मग नेटवर्कनं संगणकाला दिलेला पत्ता, सगळ्यात शेवटी संगणकातला प्रोग्राम. बाकीचे सगळे वरून सुरू करतात आणि दिवस घालवतात. मीसुद्धा.

खंडेनवमीचा दिवस आठव. सचिव उद्धवरावांना सगळं काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं होतं, म्हणजे तुला पाचवी ऑर्डर मिळणार नव्हती. चार वाजता बैठक होती. बाराच्या सुमाराला ऑफिसमधल्या सगळ्या संगणकांचं नेट एकदम बंद पडलं.

"घ्या! बाई, तुमची इंजिनीअर!" उद्धवराव म्हणाले. एजन्सीचा माणूस फोनवरच बोलला, मुख्य पेटी जळाली, नवी बसवावी लागेल. न बघता!

तू जिना चढून आलीस, कपाळाला घाम. "लायब्ररी चालू हाय का, सर?"

"चालू आहे."

"लॅब?"

"तीही."

"मग मोठा रस्ता मेला कसा? त्यांची वाट तिथूनच जाती की. तुमच्याच गल्लीत हाय कायतरी."

तू चौकाचौकात नको ते अडवणारे नाके बसवून ठेवले होतेस. म्हणूनच एका इमारतीतला गोंधळ दुसरीत गेला नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

ऑफिसच्या पेटीला झेंडूचा हार होता, हळदकुंकू होतं, आत सगळे दिवे एकदम फडफडत होते. हेडक्लार्क श्रीरामभाऊ कोपऱ्यात उभे. पूजा त्यांनीच केली होती.

"मी फक्त पुसली," ते म्हणाले. "वायरी होत्या तिथंच लावल्या."

"सगळ्या?"

"एक लोंबायली होती. सणाला बरं दिसंना. मग दिली खोचून मोकळ्या भोकात."

तू टॉर्च लावलास. एका वायरीच्या टोकावर हळदीचा अंगठा. बोटानं ती वायर धरून दुसऱ्या टोकापर्यंत गेलीस, तिथंही हळदीचा अंगठा. दोन्ही टोकं एकाच पेटीत! एक टोक उपसलंस आणि दिवे शांत झाले. आत गेलेला निरोप फिरून फिरून तिथंच येत होता, वाढत होता, आणि दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच उरली नव्हती.

"आपल्या बैठकीसारखं," मी म्हणाले. उद्धवराव हसले नाहीत.

चार वाजता तू नकाशा टेबलावर पसरलास आणि दहा मिनिटांत सगळ्यांना समजावून सांगितलंस. एजन्सीच्या कागदात असा एकही नकाशा नव्हता. उद्धवरावांनी शेवटी एकच विचारलं, "मग पुढच्या वर्षी हार घालायचा का न्हाई?"

"घाला की, सर. लय घाला. वायरीला हात लावू नका."

त्याच बैठकीत तुला कायम केलं. ठराव मी मांडला. अनुमोदन कुणाचं? उद्धवरावांचं. माणूस हेकट आहे, पण दहा मिनिटं ऐकून घेतो, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. आज चार कॉलेजांची माणसं तुझ्याकडे शिकायला येतात आणि जाताना ‘कुठपर्यंत?’ विचारायला शिकून जातात. मला त्याचा अभिमान आहे. हे एकदाच लिहिते.

बैठकीनंतर नकाशाची घडी घालून तू माझ्या हातात दिलीस. "बाई, तुमच्या घराजवळ लॅमिनेशन करतेत. तेवढं करून आणा, भिंतीला लावू." मी म्हटलं, उद्याच आणते.

तीन वर्षं झाली. आधी नणंदेला दाखवला, मग शेजारच्या राजेश्रीला, मग घरी येईल त्याला, बसवून, चहा देऊन. उघडून मिटून घडीवर फाटला आहे, नेमका ऑफिसच्या चौकात. मागून चिकटपट्टी लावली आहे. लॅमिनेशनचं दुकान माझ्या फाटकापासून चौथं. अजून गेलेले नाही.