‘पाणी’ की ‘पानी’

अजूनही कुणी पाणी मागितलं की माझ्या गळ्याशी दोन हलके हात येतात.

नव्वदच्या दशकात आमच्या नालासोपाऱ्याच्या सोसायटीने एक जुनी शोकांतिका बसवली. एका परक्या सेनापतीचे कान त्याचाच मित्र भरतो आणि सेनापती आपल्या बायकोचा गळा दाबतो. सेनापतीचं काम जवळच्याच कळंब गावातल्या एका कोळ्याला दिलं. खरं तर तो पिढ्यान्‌पिढ्या इथला, आणि फ्लॅट घेऊन आलेले उपरे आम्ही. पण तालमीत परका तोच, कारण तो ‘पानी’ म्हणायचा.

मी त्याची बायको झाले होते. मित्राचं काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला सेनापती व्हायचं होतं. तरी चहाच्या वेळी तो कोळ्याच्या खांद्यावर हात टाकून कुजबुजत बसायचा. मला वाटायचं, काय गट्टी जमली आहे.

प्रयोगात सेनापतीने माझ्या गळ्यावर हात ठेवले, तालमीतल्यासारखेच हलके. मी मान टाकली. मग तो कानाशी वाकून नाटकात नसलेलं बोलला. “पाणी. आता बरोबर ना? तुम्ही घरी माझी नक्कल करून हसता, असं तुमचा शेजारी सांगत होता.”

मी कधीच हसले नव्हते. मला ते ‘पानी’ आवडायचं. पण मी मेलेली होते, आणि सभागृह भरलेलं होतं.

पडदा पडल्यावर मी धावले, तर तो तोंडाचा रंगही न पुसता निघून गेला होता. दाराशी शेजारी चहा वाटत होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “शेवटपर्यंत जराही हलला नाहीत.”