डब्यातला मीटर

श्रीनिवास कुलथे आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायचा. मूळचा साताऱ्याचा, सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायचा. त्याच्या हातात घड्याळ दिलं, तर तो वेळ बघणार नाही, आधी मागचं झाकण उघडणार. मी त्याची फार चेष्टा करायचो.

पंच्याऐंशीचा उन्हाळा होता. ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बाँब नुकतेच फुटले होते आणि चंदीगडात संचारबंदी होती. श्रीनिवासच्या आई, पद्मिनीबाई, गळ्याच्या ऑपरेशनपासून गळ्यातल्या नळीतून श्वास घेत. दर तासाला यंत्राने कफ ओढून काढला नाही, तर जीव गुदमरायचा. त्या सकाळी यंत्र नुसतंच गुणगुणायला लागलं. मोटर फिरेना.

"कंडेन्सर गेला," श्रीनिवास म्हणाला. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा तो डबीएवढा भाग.

त्याची बायको चित्रा रबरी नळी तोंडात धरून कफ ओढू लागली. ओढायचं, थुंकायचं, पुन्हा ओढायचं. बाई अशी किती वेळ पुरी पडणार?

बाजार बंद. सेक्टर २२ मधला एक भंगारवाला मात्र दुकानामागेच राहायचा. त्याच्याकडे जुन्या पंख्यांचे कंडेन्सर पोतंभर होते, पण लेबलं उडालेली आणि निम्मे मेलेले. त्यातला नेमका निवडायचा तर मोजायला मीटर हवा. श्रीनिवासने तो तीन तासांत घरीच जुळवला: मोडक्या व्होल्टमीटरचा काटा, बॅटरी, थोडे सुटे भाग, सगळं चित्राच्या स्टीलच्या डब्यात बसवलेलं.

अकरा ते एक संचारबंदी उठली. आम्ही दोघं निघालो. नाक्यावर शिपायाने डबा उघडला. आत तारा, बॅटरी, काटा.

"ये क्या है?"

"साब, खुद बनाया है. घर पे."

तेही अभिमानाने! काय म्हणावं या माणसाला? हापिसचा मीटर आहे म्हणाला असता, तर सुटला असता. ओळखपत्र खिशात होतं. पण स्वतः केलेली वस्तू दुसऱ्याची म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. आणि मी? मी शेजारी उभा राहून घाबरून गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

डबा वाळूच्या पोत्यांमागे गेला, आम्ही भिंतीकडे तोंड करून उकिडवे. "माँ मर जाएगी, साब," श्रीनिवास रडत प्रत्येकाला सांगत होता. एक वाजून गेला. साडेपाचला बाँबवाला तज्ज्ञ आला आणि डबा बघून हसला.

"बढ़िया बनाया है, यार."

जीपने आम्हाला घरी सोडलं. भंगारवाल्याकडे दोन मिनिटं थांबवा म्हणून हात जोडले, पण कोणी ऐकलं नाही. मीटर शाबूत होता, कंडेन्सर नव्हता.

चित्राचे ओठ सुजले होते, ती भिंतीला टेकून कशीबशी बसली होती. आईंना बोलता येत नसे, त्या पाटीवर लिहीत. श्रीनिवासला बघून त्यांनी पाटी पुढे केली. 'चित्राला झोपू दे. आता पुरे.'

श्रीनिवासने पाटी पालथी ठेवली, आईजवळ बसला आणि नळी स्वतःच्या तोंडात धरली.