नळी मोकळी करणे

माझ्या वहीत त्या कामाचं नाव होतं ‘नळी मोकळी करणे’. सगळा घोळ या तीन शब्दांनी केला, त्यामुळे ते काम काय होतं ते आधी सांगते.

आमच्या रायफल क्लबात जुन्या लष्करी बंदुकांचा एक वर्ग आहे. दर शनिवारी ऑकलंडच्या दक्षिणेला मनुरेवाच्याही पुढे, कुरणांमधल्या रेंजवर आम्ही दहाबारा जण गवतात पालथे पडून निशाण्यावर गोळ्या मारतो. त्यात बाई मी एकटीच, आणि मराठीही एकटीच. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हातात घेतली होती, ती पन्नाशीला टेकल्यावर ऑकलंडमध्ये पुन्हा घेतली. माझी बंदूक म्हणजे आखूड नळीची कार्बाइन. दर गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. क्लबातल्या एका आजोबांना खांद्यामुळे नेमबाजी सोडावी लागली, त्यांच्याकडून मी ती घेतली.

या बंदुकीच्या नळीला खालून लाकूड असतं आणि वरूनही असतं. वरच्या लाकडाला हँडगार्ड म्हणतात, तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून ते असतं. पण लाकूड नळीला टेकलेलं असलं, की नळी तापल्यावर ते तिला ढकलतं आणि प्रत्येक गोळी आधीच्या गोळीपेक्षा थोडी सरकून बसते. यावर उपाय एकच. नळी मागच्या टोकाला घट्ट धरलेली हवी, आणि तिथून पुढे लाकडाला कुठेही न टेकता अधांतरी हवी. नव्या बंदुकांचे लोक मूळ लाकूड काढून टाकतात आणि मोकळे होतात. आमच्या वर्गात ते चालत नाही. बाहेरून बंदूक कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच दिसली पाहिजे, तेच हँडगार्ड आणि दोन्ही लाकडं आवळून धरणाऱ्या त्याच कड्या. आतून काय खरवडायचं ते खरवडा.

हा उपद्व्याप मी हौसेने केला नव्हता. दरवर्षी क्लबातून चौघांचा संघ साउथ आयलंडला जातो. तीन जागा आधीच ठरलेल्या असतात, चौथी एका शनिवारी वीस गोळ्यांवर ठरते. दोन वर्षं ती जागा माझ्या हातातून गेली होती. दोन्ही वेळा सुरुवात झकास, आणि मग नळी तापली की गोळ्या डावीकडे वर चालायला लागायच्या. यंदा मला ती जागा हवी होती.

क्लबात विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. एक म्हणाला, काठीला पॉलिशपेपर गुंडाळून घास. दुसरा म्हणाला, पॉलिशपेपरला हातही लावू नकोस, पटाशी घे. तिसऱ्याने बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि “शी’ल बी राइट” म्हणजे ‘होईल सगळं ठीक’ म्हणत परत दिली. या देशात हे वाक्य कानावर आलं की मी सगळं दोनदा तपासते. तीन रविवार मी गॅरेजमध्ये बसून लाकूड आतून जरा जरा खरवडलं. शेवटी कागदाची दुहेरी पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून टोकापासून मागपर्यंत सहज सरकली. वहीत बरोबरची खूण केली. बंदुकीचा लोखंडी भाग तिजोरीत गेला आणि लाकडं तेल पाजून गॅरेजमध्ये कपड्यांच्या स्टँडवर टांगली.

त्या वेळी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, ऑकलंडच्या बॉटनी भागात राहायला आले होते. बाबांनी पिंपरीच्या एका फाउंड्रीत चाळीस वर्षं पॅटर्नमेकर म्हणून काढली. लोखंड ओतायच्या साच्यांसाठी लाकडाचे नमुने करायचे, ते केसाइतकंही इकडेतिकडे होऊन चालायचं नाही. त्यांच्या तोंडी ‘फट’ हा शब्द शिवीसारखा येतो. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं बसवणाऱ्या माणसाबद्दल ते अजून बोलतात. बंदुकीला मात्र त्यांना हात लावता येत नव्हता, कारण इथे लायसन्स नसलेल्या माणसाने बंदूक हाताळायची तर लायसन्सवाला शेजारी हवा. लाकडांना असा काही नियम नाही.

काय करतेस म्हणून त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, नळी मोकळी करतेय. मोकळी म्हणजे कशी, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी कामावर निघायच्या घाईत होते, सांगून टाकलं की नळीला लाकूड घासायला नको. दोन दिवसांनी संध्याकाळी बाबा म्हणाले की तुझं लाकडाचं राहिलेलं काम मी करून टाकलंय. माझ्या यादीत राहिलं होतं ते तेलाचा दुसरा हात. मी थँक्यू म्हणून वहीत खूण केली. शुक्रवारी बंदूक जोडताना कड्या नेहमीपेक्षा घट्ट बसल्या. तेलाने लाकूड थोडं फुगलं असेल, असं मी धरून चालले. कागद पुन्हा सरकवून बघितला नाही, कारण वहीत त्याच्यापुढे खूण होती.

शनिवारी बाबा घडीची खुर्ची, कानटोपी आणि थर्मास घेऊन सोबत आले. आमचा कॅप्टन निवृत्त शाळामास्तर आहे. त्याने सगळ्यांच्या बंदुका बाहेरून तपासल्या, माझी हातात घेऊन “स्वीट ॲज”, म्हणजे एकदम झकास, म्हणाला. मग पहिल्या दहा गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या गोळीपासून जे सुरू झालं तसं गेल्या दोन्ही वर्षांत कधी झालं नव्हतं. एक गोळी वर, एक उजवीकडे, एक कुठे गेली ते दुर्बिणीतूनही दिसेना. मधल्या सुट्टीत मी कॅप्टनला सांगून, त्याच्या समोरच शेडमध्ये कड्या सोडवल्या आणि वरचं लाकूड उचललं.

आतल्या बाजूला कापडाची पट्टी चिकटवलेली होती. लाकडाच्याच रंगाची, कडा आत मुडपलेल्या, एक सुरकुती नाही. खालच्या लाकडातही तशीच.

“बाबा, हे काय आहे?”

“फॉल. आईच्या शिवणाच्या डब्यातला. चहाच्या पाण्यातून काढला, म्हणजे रंग मॅच होतो.”

“पण लावला कशाला?”

“तूच म्हणालीस ना घासायला नको. आणि अगं, केवढी फट ठेवली होतीस. मला तर बघवेना.”

“फटच हवी होती, बाबा. तीन रविवार मी ती फट करत होते.”

“मग फट म्हणायचं. मोकळी मोकळी काय लावलं होतंस?”

कॅप्टनने विचारलं की हे कापड कसलं. मी सांगितलं, साडीच्या काठाला आतून लावायची पट्टी आहे. त्याने नियमांची पुस्तिका काढली आणि मन लावून वाचली. त्यात साडीबद्दल काही नव्हतं. काढून टाक, मी परत तपासतो, असं म्हणून तो चहा प्यायला गेला. बाबांनी थर्मासमधला चहा रुमालावर ओतला, गोंद भिजवला आणि नखाने पट्ट्या सोलायला घेतल्या. त्यांचा हात आजही माझ्यापेक्षा हलका आहे, हे तेव्हा मला मुळीच कौतुकाचं वाटलं नाही. आईने असला उद्योग करू कसा दिला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. नंतर कळलं की बाबा पडद्याला फॉल लावतायत असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दहापैकी पहिल्या पाच अशा बसल्या की वर कपाची बशी ठेवली असती तर झाकल्या गेल्या असत्या. सहाव्यापासून गोळ्या पुन्हा डावीकडे वर सरकायला लागल्या, हळूहळू, पण सरकल्या. चौथी जागा एका दूधवाल्या शेतकऱ्याला गेली. मी दोन गुणांनी हुकले. त्याच्याशी हात मिळवला, सामान आवरलं आणि गाडी घराकडे वळवली. दोन गुण म्हणजे फॉलची एक पट्टी, असा माझा हिशेब पक्का झालेला होता.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर बाबा गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, बंदूक काढ, मला एक बघायचंय. मी नाराजीनेच तिजोरी उघडली, आत गोळी नसल्याची खात्री केली आणि बंदूक त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी हात लावला नाही. आधी विचारलं, “तू कागद सरकवलास तेव्हा बंदूक कशी होती?”

म्हटलं, अशीच, टेबलावर.

“आणि काल गोळ्या मारताना? मी खुर्चीतून बघत होतो. डाव्या हाताला पट्टा गुंडाळून केवढा ताणत होतीस.”

बंदुकीचा पट्टा खालच्या लाकडाला पुढे अडकवलेला असतो, आणि पालथं पडल्यावर बंदूक स्थिर राहावी म्हणून तो हाताला पीळ देऊन ताणायचा असतो. लाकूड कितीही जाड असलं तरी तेवढ्या ओढीने जरासं वाकतं. हे मला माहीत होतं. यादीत मात्र नव्हतं.

मी गॅरेजच्या थंडगार काँक्रीटवर पालथी पडले, पट्टा हाताला गुंडाळला आणि रेंजवर ताणते तसाच ताणला. बाबा गुडघ्यांवर हात टेकत कसेबसे शेजारी बसले आणि नळीच्या टोकाकडून कागदाची पट्टी आत घातली. डावीकडून ती सुळकन मागे गेली. उजवीकडून अर्ध्या वाटेत अडकली. त्यांनी काढून पुन्हा घातली, पुन्हा तिथेच अडकली. मी पट्टा सैल सोडला, तेव्हा गेली. म्हणजे पट्टा ताणला की उजवीकडचं लाकूड नळीला टेकत होतं आणि तिला डावीकडे ढकलत होतं.

“पहिल्या दहा माझ्या फॉलने घालवल्या,” बाबा म्हणाले. “पण दुसऱ्या दहांच्या वेळी फॉल नव्हता.”

दोन्ही दहांत मिळून माझे किती गुण गेले ते मला तोंडपाठ होतं. गेल्या दोन वर्षांचेही. त्या दोन वर्षांत ना बाबा इथे होते, ना आईचा शिवणाचा डबा, आणि गोळ्या डावीकडेच गेल्या होत्या. संताप आला, आणि तो काढायला त्या गॅरेजमध्ये माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी उठायला लागले.

“उठू नकोस,” बाबा म्हणाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली होती. “पट्टा ताणून धर. फट कुठे वाढवायची त्याची खूण करू दे आधी.”