नव्या वर्षाच्या वचनाची अदलाबदल

देवावरचा माझा विश्वास दरवर्षी पंचवीस डिसेंबरला शिगेला पोचतो आणि जानेवारीत दारात टांगलेल्या नाताळच्या चांदणीबरोबर खाली उतरतो. चांदणी निदान खोक्यात नीट ठेवली जाते!

यंदाच्या नाताळात तर मी भलत्याच जोरात होतो. निपाणीत शाळामास्तर म्हणून जन्म गेला, त्यामुळं आवाज खणखणीत. म्हणून नाताळच्या नाटिकेत देवदूताचं काम माझ्याकडंच असतं. मी मेंढपाळांना "भिऊ नका!" असं इतक्या जोरात सांगितलं, की पुढच्या रांगेतली दोन पोरं भिऊन रडायला लागली.

मग नव्या वर्षाचा पहिला दिवस आला. त्या सकाळी उपासनेनंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब ताटात छोटी कार्डं घेऊन फिरतात. प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन. डोळे मिटून एक उचलायचं, ते आपलं वर्षभराचं. माझ्या बायकोला, रूथला, हिरव्या कुरणांतल्या विसाव्याचं आलं. माझ्या कार्डात पाणी होतं, नद्या होत्या, आणि एवढ्यावर भागेना म्हणून पुढं आगही होती! या सगळ्यातून जाताना देव माझ्या सोबत असणार होता. आता तुम्हीच सांगा, काही व्हायचंच नसेल तर देव उगाच कशाला सोबतीला येईल? (शेजारी "काही लागलं तर सांगा हं" म्हणाले, की मी तेव्हापासूनच घाबरतो.)

घरी आल्यावर रूथ चहा टाकायला आत गेली आणि मी दोघांच्या बायबलांतली कार्डं बदलली. होय, बदलली! वर निर्लज्जासारखा तिनंच केलेला चहा प्यालो.

चार दिवसांत रूथच्या पोटात दुखायला लागलं. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गर्भपिशवीला गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल. गाठ कसली, ते काढल्यावर कळेल.

पूर आणि आग मीच माझ्या हातानं तिच्या पदरात घातली होती! ऑपरेशनच्या आत ते कार्ड परत घ्यायला हवं होतं. पण ते तिनं बायबलातून काढून पर्समध्ये ठेवलेलं, आणि पर्स कायम काखेत.

"पर्स दे इकडं. जड असंल."

"कसली जड? रुमाल हाय नि कंगवा."

"मग कंगवा दे."

तिनं माझ्या टकलाकडं बघितलं आणि पर्स दुसऱ्या काखेत घेतली.

बेळगावला ॲडमिट व्हायला निघालो तेव्हा संकेश्वरजवळ नदीचा पूल आला. मी बसमध्ये डोळे मिटले आणि तिचा हात गच्च आवळला.

"अहो, सोडा की! बांगडी फुटंल! लोकं बघायलीत!"

ऑपरेशनच्या सकाळी ती कॉटवर डोळे मिटून प्रार्थना करत होती. पर्स उशीखाली. हीच संधी! मी हळूच हात घातला, तेवढ्यात सिस्टर आल्या.

"अय्यो! पेशंटची पर्स काढून घ्यायलाय काय तुम्ही?"

"अहो, नवरा आहे मी!"

"म्हणून काय झालं?"

मग मात्र मला राहवलं नाही. सिस्टरांच्या देखतच सगळं ओकून टाकलं. बोलता बोलता रडायलाही लागलो. "रूथ, माझं संकट मी तुझ्या गळ्यात घातलं गं. ते कार्ड दे मला, मगच आत जा."

"म्हायती हाय मला," रूथ म्हणाली. "चहाला साखर विचारायला आलते, तवा बघितलं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"आदी राग आलता. गाठीचं कळल्यावर वाटलं, बरंच झालं. कुरण काय, चांगल्या दिवसांत कुणालाबी पुरतंय. आज मला एकटीला आत जायचंय. भ्या वाटतंय हो, लई वाटतंय. मला सोबत येतो म्हणणाराच पायजे. कार्ड न्हाई मिळणार!"

आणि तिनं पर्स सिस्टरांकडं दिली. माझ्याकडं नाही!

दार बंद झालं. दोन तास मी बाकावर बसून होतो. प्रार्थना "हे प्रभू" च्या पुढं सरकेना. तिच्याशिवायचं घर डोळ्यांपुढं यायचं, की पुन्हा "हे प्रभू."

शेवटी सिस्टर बाहेर आल्या. "पेशंट बऱ्या आहेत. गाठ साधी दिसतेय म्हणाले डॉक्टर. शुद्धीवर आल्या आल्या बोलल्या पण."

"काय म्हणाली? देवाबद्दल काही?"

"न्हाई. बाहेर आमचे हे बसलेत, त्यांचं बीपी बघा म्हणाल्या."

सिस्टरांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग पळत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं.

पुढं रिपोर्टही साधाच आला. रूथची औषधं पंधरा दिवसांत बंद झाली. ऑपरेशन तिचं झालं, आणि जन्मभराची गोळी मला लागली!